लाकडाखालचं रताळं: मुरवलेल्या टकिलाबद्दल थोडं

कोथरूडचा हिमादोर

नमस्कार मंडळी,

पुण्यात टकिला म्हणजे मनगटावर मीठ, दातात लिंबाची फोड आणि एका दमात ग्लास रिकामा. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी हे सगळं रीतसर करून झालं होतं आणि त्यानंतर दहाएक वर्षं मी त्या बाटलीच्या वाटेला गेलो नव्हतो. पुढे नोकरीने उचलून मेक्सिकोत, ग्वादालाहाराला नेऊन टाकलं. पहिल्याच महिन्यात एका सहकाऱ्याच्या घरी जेवायला गेलो. त्याच्या सासऱ्यांनी जेवणाआधी माझ्यापुढे एक छोटा ग्लास ठेवला. मी मीठ मागितलं. त्यांनी मिठाची डबी दिली, ताटातलं भाजलेलं कणीस माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "मीठ याला लाव."

तर हा धागा त्या सासऱ्यांमुळे. विषय आहे मुरवलेली टकिला, म्हणजे लाकडी पिंपात ठेवून मग बाटलीत भरलेली. हल्ली ती आपल्याकडे मोठ्या हॉटेलांत आणि विमानतळावर दिसते. किंमत ऐकून पोटात गोळा येतो, पण एवढे पैसे नेमके कशाचे ते कुणी सांगत नाही. मी काही मोठा जाणकार नाही. तिथे तीन वर्षं राहून, बरंच चाखून आणि एकदा सपशेल फसून जे कळलं ते लिहितोय.

आधी एक गैरसमज. टकिला निवडुंगापासून होत नाही. निळी अगावे नावाची वनस्पती आहे, शतावरीच्या कुळातली, आपल्या घायपाताची चुलतबहीण. शेतात पाच ते आठ वर्षं वाढते. मग हिमादोर, म्हणजे अगावे तोडणारा गडी, कोआ घेऊन येतो. कोआ म्हणजे लांब दांड्याला लावलेलं गोल पातं. त्याने पानं तासून उरतो तो गड्डा अननसासारखा दिसतो, म्हणून त्याला पिन्या म्हणतात. चाळीस-पन्नास किलोचा सहज भरतो. मी एकदा हौसेने कोआ हातात घेतला. चार पानं तासेपर्यंत घामाघूम झालो, आणि मनगटावर चीक उडाला तिथे अळूच्या देठासारखी खाज सुटली ती रात्रीपर्यंत. (टोपणनावाचा उगम कळला असेलच.)

जुन्या पद्धतीत हे गड्डे फोडून विटांच्या भट्टीत वाफेवर शिजवतात, चांगले दीड-दोन दिवस. कच्च्या गड्ड्यात गोडवा नसतो, इन्युलिन असतं. ते शिजताना फुटतं आणि त्याची साखर होते. तेकिला नावाच्या गावात (आपण त्याचं टकिला केलं) गाडीतून उतरलं की हा वास अंगावर येतो. कोल्हापूरकडे गुऱ्हाळावर काहिलीशेजारी जो उभा राहिलाय त्याला तो लगेच ओळखू येईल. फरक इतकाच, की काकवीच्या जोडीला कुणीतरी चुलीच्या निखाऱ्यात रताळं खुपसून ठेवलंय. हा रताळ्याचा वास लक्षात ठेवा. माझं सगळं म्हणणं त्याच्याभोवती आहे.

पुढे रस काढायचा, आंबवायचा, दोनदा ऊर्ध्वपातन करायचं. जी पारदर्शक निघते ती ब्लांको. लाकडात किमान २ महिने राहिली की रेपोसादो, किमान १ वर्ष राहिली की आन्येहो, ३ वर्षं झाली की एक्स्ट्रा आन्येहो. शेवटचा वर्ग नियमांत आला तो २००६ साली, म्हणजे अगदी काल-परवा. आन्येहोपासून पुढे पिंप ६०० लिटरपेक्षा मोठं चालत नाही. पिंप लहान असलं की तेवढ्याच दारूला लाकूड जास्त भिडतं, म्हणून ही अट. रेपोसादोला ती अट नाही, त्यामुळे काही जण ती हजारो लिटरच्या अजस्र लाकडी टाक्यांतही ठेवतात. बाकी पिंपं बहुतेक अमेरिकेतून आलेली, बर्बन (अमेरिकन व्हिस्की) भरून रिकामी झालेली. बर्बनला कायद्याने दर खेपेला आतून जाळलेलं नवं ओकचं भांडं लागतं, म्हणून जुनी पिंपं बाहेर पडतात. स्कॉटलंडवाले घेतात तशी हेही घेतात.

आता मुद्दा. दुसऱ्या वर्षी आरांदासला गेलो होतो. ग्वादालाहाराच्या ईशान्येला डोंगराळ भाग, उंची दोन हजार मीटरच्या आसपास, माती आपल्या महाबळेश्वरसारखी लालभडक. तिथे ला आल्तेन्या नावाची कामारेना घराण्याची जुनी भट्टी आहे, १९३७ पासूनची. तापातिओ ही टकिला तिथली. तापातिओ म्हणजे ग्वादालाहाराचा माणूस, जसा आपला पुणेकर. गावातल्या एका साध्या बारमध्ये त्यांच्या चारही प्रकारांचे छोटे ग्लास एका ओळीत मांडून घेतले: ब्लांको, रेपोसादो, आन्येहो आणि त्यांची एक्सेलेन्सिया, जी एक्स्ट्रा आन्येहो आहे.

ब्लांकोत रताळं लख्ख. वर मिरपूड, लिंबाची साल, थोडा ओल्या मातीचा भास. रेपोसादोत तेच, पण कडा घासून गुळगुळीत केल्यासारखं. आन्येहोत व्हॅनिला, सुकं खोबरं, जायफळाची चिमूट, आणि त्यांच्या मागे रताळं, आता गुळात शिजवलेलं. एक्सेलेन्सियात आधी लाकूडच. नुकतं पॉलिश केलेलं कपाट उघडावं तसं. मला वाटलं, संपलं, अगावे गेली. ग्लास तसाच ठेवून दहा-पंधरा मिनिटं बसलो. परत हुंगला तेव्हा तळातून ते रताळं हळूच वर आलं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की मुरवलेल्या टकिलाला विचारायचा प्रश्न एकच: लाकडाखाली अगावे जिवंत आहे का?

आता फसल्याची गोष्ट. भारतात परतताना विमानतळावर एक जडशीळ काचेची, गळ्यात चामडी पट्टा बांधलेली एक्स्ट्रा आन्येहो घेतली. नाव घेत नाही. किंमत आमच्या दोन महिन्यांच्या किराण्याएवढी. घरी उघडली तर व्हॅनिला आइस्क्रीम वितळून ठेवल्यासारखी चव, जिभेवर चिकट, आणि अगावेचा मागमूस नाही. पाहुण्यांना मात्र ती अतोनात आवडली. "किती स्मूद आहे!" असं सगळे म्हणाले. हल्ली हा शब्द कानावर आला की माझ्या पोटात गोळा येतो.

चाखायची पद्धत फार अवघड नाही. अरुंद तोंडाचा, पोट सुटलेला छोटा ग्लास घ्या. शॉटच्या ग्लासात नाक जात नाही. दोन चमचे ओता आणि पाच-दहा मिनिटं विसरून जा. हुंगताना तोंड किंचित उघडं ठेवा, म्हणजे अल्कोहोल नाकात भसकन चढत नाही. पहिला घोट अगदी थेंबभर, तो फक्त जिभेची ओळख करून द्यायला, त्यावर मत बनवू नका. दुसरा तोंडात घोळवा, गिळा आणि नाकाने श्वास सोडा. खरी गंमत त्या सोडलेल्या श्वासात आहे. बर्फ नको. पण पुण्याच्या मे महिन्यात ३६ अंशांच्या खोलीत कुठलीही दारू नुसती उग्र लागते, तेव्हा रिकामा ग्लास पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही.

आणि शक्य असेल तेव्हा शेजारी त्याच घराण्याची ब्लांको ठेवा. मूळ चेहरा माहीत नसेल तर दाढीखाली कोण आहे ते कसं कळणार?

तुमचे अनुभव लिहा. डिसेंबरात कट्टा करायचा विचार आहे.

---

सिंगलमाल्ट_सदू

छान लिहिलंय, पण मूळ मुद्द्यावर अडलो. तीन वर्षांची दारू आणि तिला म्हणे 'एक्स्ट्रा' मुरलेली! आमच्या स्कॉचला तीन वर्षांच्या आत व्हिस्की हे नावही लावता येत नाही. बारा वर्षांची बाटली त्याहून स्वस्त मिळत असताना मी ही का घ्यावी? अगावे जपायचीच आहे तर ब्लांकोच प्या ना. लाकडात घालायचं आणि मग लाकूड लागलं म्हणून रडायचं.

---

कोथरूडचा हिमादोर

सदूभाऊ, शेवटच्या वाक्याला मनापासून दाद. पण वर्षांची तुलना चुकतेय. स्कॉटलंडच्या थंड, दमट गोदामात पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के उडून जातं. बंगळुरूच्या अमृत व्हिस्कीचं बघा, तिथे हेच दहाच्या पुढे जातं, म्हणूनच त्यांच्या बहुतेक बाटल्यांवर वय लिहिलेलंच नसतं. हालिस्कोचं, म्हणजे ग्वादालाहाराच्या राज्याचं, ऊन स्कॉटलंडपेक्षा आपल्याला जवळचं. कोरडी हवा, तापलेलं गोदाम, दारू लाकडात भराभर आत-बाहेर करते. सात-आठ वर्षं ठेवलीत तर पिंपात उरेल थोडी आणि तीही काढ्यासारखी. म्हणून बरेचसे चार-पाच वर्षांत बाहेर काढतात. थंड, उंच जागी ठेवून त्यापुढे जाणारे आहेत, फुएन्तेसेकाच्या बाटल्या अगदी २१ वर्षांपर्यंतच्या आहेत, पण तो अपवाद.

दुसरं, बार्लीला स्वतःचा फार आवाज नसतो. व्हिस्कीच्या चवीतला मोठा वाटा पिंपाचाच. अगावे सात वर्षं जमिनीत उभी राहून आलेली असते. तिचं वय आधीच झालेलं असतं म्हणा ना.

---

रसायनी

बार्लीबद्दल सदू भांडतीलच, मी लाकडाबद्दल दोन शब्द लिहिते. ओक जाळला की त्यातलं लिग्निन फुटून व्हॅनिलिन तयार होतं, तोच तो व्हॅनिलाचा वास. खोबऱ्याचा वास लॅक्टोनचा, आणि तो अमेरिकन ओकमध्ये फ्रेंच ओकपेक्षा जास्त येतो. जिभेला जे आवळल्यासारखं होतं ते टॅनिन. उलट अगावेकडून लिनालूलसारखी टर्पीनं येतात, फुलांची आणि लिंबूवर्गीय वासाची. लिनालूल आपल्या धन्यातही भरपूर असतं. त्यामुळे कधी ब्लांकोत कोरड्या धन्याचा वास आला तर दचकू नका, नाक बरोबर आहे.

हिमादोर, तुम्ही पंधरा मिनिटं थांबलात ते योग्यच. वरचं अल्कोहोल थोडं उडालं की बाकीचे वास मोकळे होतात. दोन थेंब पाणी घालूनही बघा, सासऱ्यांना न सांगता.

आणि ती खाज! अळू, सुरण आणि अगावे, तिघांतही कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. अळूला आपण चिंच लावतो. हिमादोर काय लावतात?

---

कोथरूडचा हिमादोर

शिव्या. बाकी धन्याचं अगदी पटलं. मी इतके दिवस त्याला 'मसाल्याचा डबा' म्हणत होतो.

---

बांधावरचा बाप्पू

आमच्या सिन्नरकडं बांधाला, रेल्वेलाइनच्या कडंला घायपातच घायपात. लहानपणी त्याचा वाख काढून दोर वळायचो. काही लोक केकताड म्हणतात. त्याची दारू होते हे आजोबांना कळलं असतं तर दोर वळायचं राहिलं असतं.

सात वर्षं शेत अडकवून ठेवायचं म्हणजे कलेजा पाहिजे. भाव मिळतो का पण त्या शेतकऱ्याला? का आपल्या कांद्यासारखंच?

---

कोथरूडचा हिमादोर

बाप्पू, डिट्टो कांदा. फक्त चक्र सात वर्षांचं, म्हणून दुखणं मोठं. मी तिथे होतो तेव्हा अगावेला किलोमागे ३० पेसोंच्या वर भाव होता. ज्याला त्याला लागवड सुचली. शिक्षक, दंतवैद्य, सगळे जमीन खंडाने घेऊन रोपं लावत सुटले. ती तयार होईपर्यंत २०२४ साली भाव दहाच्याही खाली आला. लासलगावात ट्रॉली ओतून देणारा माणूस तिथल्या शेतकऱ्याशी एका शब्दाची गरज न पडता बोलू शकेल.

याचा चवीशीही संबंध आहे. भाव चढलेला असतो तेव्हा पोरवयाची अगावे तोडली जाते, तीन-चार वर्षांची. तिच्यात साखर कमी, वासही कमी. मग ती उणीव लाकडाने नाहीतर बाटलीबंद गोडव्याने झाकावी लागते. किलोचा हिशोब सांगायचा तर १०० टक्के अगावेच्या लिटरभर टकिलाला ढोबळ मानाने सात किलो गड्डा लागतो.

---

शुद्धपाणी

दर महिन्याला दारूवर एक तरी धागा! वास काय, रताळं काय. ज्यांची घरं यात गेली त्यांना जाऊन सांगा ही रसिकता. रताळं एवढं आवडतं तर उपासाला खा.

---

तिरकस_तिलोत्तमा

शुद्धपाणी, तुमचा मुद्दा मला मान्य आहे आणि माझ्या माहेरी त्याची किंमत मोजलेली आहे. तरी धागा वाचला, कारण दोन चमचे ओतून पंधरा मिनिटं थांबणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदाच बघतेय. :)

हिमादोर, एक शंका. दुबईला भावाने आन्येहो म्हणून दिली ती पाण्यासारखी पारदर्शक होती. लाकडात ठेवली तर रंग कुठे गेला? फसवला का त्याला?

---

कोथरूडचा हिमादोर

शुद्धपाणी, राग नाही. सक्ती कुणालाच नाही, आणि तुमचं म्हणणं खोटंही नाही.

तिलोत्तमाताई, भाऊ फसला नाही. ती क्रिस्तालिनो. आन्येहो करायची आणि मग कोळशातून गाळून रंग काढून टाकायचा. रंगाबरोबर लाकडाचा थोडा कडवटपणा जातो, आणि बरंच काही चांगलंही जातं. मेक्सिकोत सध्या लग्नाकार्यात हिचीच चलती आहे. मला विचाराल तर पैठणी विणायची आणि मग जर उसवून काढायची, असला प्रकार. पण मी अल्पमतात आहे.

---

ऑस्टिनकर

इथे टेक्सासात टकिला म्हणजे घरचंच कार्य, म्हणून थोडी भर घालतो.

१) 'डॉन हुलिओ १९४२' या टकिलाबद्दल. इथल्या एका मराठी पार्टीत यजमानांनी ती उंच सडपातळ बाटली काढली आणि हलक्या आवाजात सांगितलं, "चले जाव चळवळीच्या वर्षीची आहे, जपून घ्या." सगळ्यांनी देवाच्या तीर्थासारखी घेतली. मंडळी, १९४२ हे डॉन हुलिओ गोन्सालेस यांनी धंदा सुरू केल्याचं वर्ष. टकिला आहे साधी आन्येहो, दोन-अडीच वर्षांची. एक्स्ट्रा आन्येहोसुद्धा नाही. मी गप्प बसलो. बायकोने पायावर पाय दिला होता.

२) बाटलीवर 'नॉम' आणि पुढे चार आकडे असतात, तो भट्टीचा क्रमांक. बाटली कशी दिसते यापेक्षा तो आकडा बघा. हिमादोरची तापातिओ ११३९. एल तेसोरोवरही ११३९ च, कारण भट्टी एकच. फोर्तालेसा १४९३, एरादुरा १११९. काही क्रमांकांवर डझनांनी ब्रँड निघतात, म्हणजे एकाच आचाऱ्याच्या हातचं दहा कार्यालयांत वाढलेलं जेवण. ते वाईटच असतं असं नाही, पण 'आमच्या पणजोबांची गुप्त कृती' हे लेबल मग गमतीने वाचता येतं.

३) लेबलावर '१०० टक्के अगावे' हे शब्द नसतील तर ती मिश्र. तिच्यात ४९ टक्क्यांपर्यंत साखर उसाबिसाची असू शकते. कॉलेजच्या दुसऱ्या दिवशीच्या डोकेदुखीत तिचा वाटा असणार, बाकीचा आपला.

४) गोडव्याबद्दल. नियमांनी वजनाच्या १ टक्क्यापर्यंत चार गोष्टी घालायला मुभा आहे: ग्लिसरीन, कॅरॅमलचा रंग, ओकचा अर्क आणि साखरेचा पाक. लेबलावर सांगायची सक्ती नाही. एक टक्का ऐकायला कमी वाटतो, पण आमटीत हिंग किती असतो? 'काहीही न घातलेली' असं खासगी प्रमाणपत्र द्यायचा प्रयत्न झाला, त्यावरून नियामक मंडळाशी चांगलीच जुंपली.

डिसेंबरात पुण्यात आहे. दोन लिटरची मुभा माझीही आहे. काय आणू?

---

मांडवीकाठ

गोव्यातून नमस्कार. रताळ्याचं वाचून आमची फेणी आठवली. काजूच्या फेणीचा वास पहिल्यांदा घेणारा माणूस खुर्ची मागे सरकवतो, मग दोष झाकायला लिम्का ओततात, मीठ-मिरची घालतात. तुमच्या मीठ-लिंबाचंच भावंड. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, टकिलाच्या नावाला मेक्सिकोत १९७४ सालीच संरक्षण मिळालं होतं. मधल्या पस्तीस वर्षांचा फरक दुकानातल्या किमतीत दिसतो.

आमच्या घरी जुनी फेणी लाकडात नाही, वेत विणलेल्या मोठ्या काचेच्या गराफांवात असते. वर्षानुवर्षं. रंग येत नाही, पण टोचणी जाते. आजोबा म्हणायचे, काजूचा वास गेला तर ती फेणी नव्हे, स्पिरिट. म्हणजे हिमादोर म्हणतात तेच, लाकूड वगळून.

बाप्पूंसाठी: आपल्या दख्खनच्या घायपातापासून दारू करणारे आहेत. डेस्मंडजी नावाने आंध्रातल्या चित्तूरकडे २०११ च्या सुमारास सुरुवात झाली. अलीकडे माया पिस्तोला आली, तिच्यात रेपोसादो आणि आन्येहो दोन्ही मिळतात. जात अमेरिकाना, निळी नव्हे, आणि देश मेक्सिको नव्हे, म्हणून टकिला म्हणता येत नाही. चव अधिक हिरवी, थोडी रांगडी. मला आवडते. येताना आणेन, पण गोव्याची बाटली महाराष्ट्रात आणायला परवाना लागतो, तो काढूनच. मागे नाक्यावर बॅग उघडून दाखवताना जो घाम फुटला होता तो पुरे.

---

बांधावरचा बाप्पू

म्हणजे बांधावर माल उभा आहे म्हणायचा. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी कांदा भरा.

---

कोथरूडचा हिमादोर

ऑस्टिनकर, तापातिओची ब्लांको आणि आन्येहो आणा. रेपोसादो आणि एक्सेलेन्सिया माझ्याकडे आहे. चखण्याला मसाला शेंगदाणे आणि चकली नको, तिखटापुढे नाक बधिर होतं. तिकडे आन्येहोबरोबर संत्र्याच्या फोडीवर दालचिनीची पूड भुरभुरून देतात. नागपुरी संत्री डिसेंबरात येतातच.

---

कोथरूडचा हिमादोर

कट्टा वृत्तांत, थोडक्यात. सहा जण होतो. ग्लासांखाली क, ख, ग, घ अशा चिठ्ठ्या चिकटवल्या आणि ओतणारा मी असल्यामुळे माझं मत बाद. रंगावरून कळू नये म्हणून दिवे मालवून एकच पिवळा बल्ब ठेवला होता, तरी ब्लांको सगळ्यांनी ओळखलीच.

रसायनीताईंनी वहीत रकाने आखून आणले होते. पहिल्या ग्लासला त्यांनी लिहिलं, "धने, ओली भिंत, हिरवी मिरची तोडल्यावर देठाचा वास." ऑस्टिनकरांनी तळहातावर दोन थेंब चोळून हुंगायची युक्ती दाखवली. अल्कोहोल उडून जातं आणि शिजलेल्या अगावेचा वास हातावर राहतो. मग माझी ती चामडी पट्ट्यावाली बाटली काढली, तळाशी अजून चारेक पेग होते. तिचे दोन थेंब चोळल्यावर तळहात एकमेकांना चिकटले. पुरावा म्हणून कोर्टात चालणार नाही, पण सगळे हसले.

सहापैकी मत देणारे पाच. तिघांनी रेपोसादोला पहिला नंबर दिला, मांडवीकाठ यांनी ब्लांकोला. आन्येहो सगळ्यांच्याच यादीत दुसरी, बिचारी. एक्सेलेन्सियाचा ग्लास सदूभाऊंनी नाकाला लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "ही टकिला नाहीच. तू माझी बाटली ओतलीयेस." चिठ्ठी दाखवली. तरी त्यांनी पहिला नंबर तिलाच दिला.

---

सिंगलमाल्ट_सदू

दिला आणि देणार. तुमचं रताळं तुम्हाला लखलाभ. मला त्यात अक्रोड, जुना मध आणि चामडं मिळालं, आणि मी खूश आहे. व्हिस्कीसारखी लागली हा तिचा दोष कसा काय? एवढं मात्र कबूल की अर्ध्या तासाने तोच ग्लास परत घेतला तेव्हा तळाला काहीतरी गोड-मातकट होतं, जे व्हिस्कीत नसतं. नाव सांगणार नाही.

---

तिरकस_तिलोत्तमा

नाव आम्हाला माहीत आहे, सदूभाऊ. उपासाला खातात.

---

रसायनी

वृत्तांतात एक राहिलं, हिमादोर. कोरड्या ग्लासांचं लिहा.

---

कोथरूडचा हिमादोर

हो, ते राहिलंच. तिकडचे चाखणारे रिकामे ग्लास लगेच धूत नाहीत, तसेच वाळू देतात आणि दुसऱ्या दिवशी हुंगतात. अल्कोहोल गेलेलं असतं, तळाशी नुसता गाळीव वास राहतो. म्हणून चारही ग्लास ओट्यावर ओळीने ठेवून झोपलो. सकाळी उठलो तर आई आधीच स्वयंपाकघरात. तिला या सगळ्या प्रकाराबद्दल फारसं प्रेम नाही, ग्लास तिने दोन बोटांनी उचलले होते. एक्सेलेन्सियाचा हुंगला आणि म्हणाली, "सुताराकडून आणलास का?" रेपोसादोचा नाकाशी जरा जास्त वेळ धरला. मग ओट्याखालची टोपली ओढून बघितली आणि मला विचारलं, "रताळी कधी आणलीस?"